सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालय

सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालय ही मुंबईतील वास्तुकलेचे शिक्षण देणारी शासकीय संस्था असून ती भारतातील या विषयाच्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक आहे. ती जे.जे. या नावाने ओळखली जाते. आराखडे काढणारे साहाय्यक घडविण्यासाठी सुरू झालेल्या एका वर्गातून तिचा विकास झाला.

स्थापना

मुंबईतील व्यापारी व दानशूर सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी १८५३ मध्ये कलाशिक्षणासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्यातून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) शिल्पसजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता. मात्र इमारतींचे आराखडे प्रामुख्याने ब्रिटिश वास्तुविशारद व अभियंतेच करीत असत.

१८९६ मध्ये शाळेत आरेखकांचा वर्ग सुरू झाला. वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांना प्रशिक्षित साहाय्यक मिळावेत, एवढाच त्याचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांच्या पुढाकाराने वास्तुकलेचा पद्धतशीर अभ्यासक्रम आखण्यात आला.

माजी विद्यार्थ्यांची संघटना

१९१७ मध्ये येथील माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष होते. १९२२ मध्ये तिचे ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाले आणि १९२९ मध्ये तिला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे अखिल भारतीय रूप मिळाले. साहाय्यक म्हणून घडविल्या गेलेल्या वर्गाने स्वतंत्र व्यावसायिक म्हणून संघटित होण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली. पुढे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान दिले.

शिक्षणपद्धती

१९२३ ते १९४३ या काळात क्लॉड बॅटली यांनी येथील वास्तुकला शिक्षणाची धुरा वाहिली. जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन त्यांची रेखाचित्रे काढण्यावर त्यांचा भर होता. युरोपीय शैलींच्या अनुकरणाऐवजी येथील हवामान, बांधकाम साहित्य व परंपरा यांतून रचना साकारावी, अशी त्यांची भूमिका होती.

स्वतंत्र महाविद्यालय

१९५२ मध्ये वास्तुकला विभाग मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाला. १९५८ मध्ये कलाशाळेचे विभाजन होऊन वास्तुकला व उपयोजित कला या विभागांच्या स्वतंत्र संस्था झाल्या. २०२३ मध्ये जे.जे.च्या कला, उपयोजित कला व वास्तुकला या संस्थांच्या एकत्रित अभिमत विद्यापीठाला मान्यता मिळाली.

उल्लेखनीय माजी विद्यार्थी

भारतातील पहिल्या महिला वास्तुविशारदांपैकी एक पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये येथील पदविका मिळविली. कोकणातील आचरे येथे जन्मलेले अच्युत कानविंदे हेही येथीलच विद्यार्थी. येथे शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये अहमदाबादला वास्तुकला विद्यालय स्थापन केले. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.