गुलमर्गमधील स्कीइंग

गुलमर्ग हे भारताच्या जम्मू आणि काश्मीर केंद्रशासित प्रदेशातील बारामुल्ला जिल्ह्यात असलेले थंड हवेचे ठिकाण व स्कीइंग केंद्र आहे. पीर पंजाल पर्वतरांगेच्या काश्मीर खोऱ्याकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील एका विस्तीर्ण कुरणावर ते वसले आहे. येथे पडणाऱ्या कोरड्या व भुसभुशीत बर्फामुळे देशविदेशातील स्कीपटू हिवाळ्यात गुलमर्गला येतात. बर्फ प्रथमच पाहणारी कुटुंबेही याच काळात मोठ्या संख्येने येत असल्याने निवास, वाहतूक व सुरक्षितता यांचे नियोजन येथे महत्त्वाचे ठरते.

## इतिहास

या स्थानाचे जुने नाव गौरीमर्ग होते. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसुफ शाह चक याने त्याला गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिल्याचे मानले जाते. ब्रिटिश काळात उन्हाळी विश्रांतीचे ठिकाण म्हणून त्याचा विकास झाला. १९२७ मध्ये येथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये भारतीय लष्कराने येथे स्की प्रशिक्षणशाळा सुरू केली. हीच संस्था पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने ऑस्ट्रियन स्कीपटू रुडॉल्फ मॅट यांना हिवाळी खेळांसाठी योग्य जागा सुचवण्यास पाचारण केले. त्यातून गुलमर्गची निवड झाली आणि १९६८ मध्ये स्कीइंग व गिर्यारोहणाची प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये पहिल्या खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा गुलमर्गमध्ये झाल्या.

## हिमवर्षाव व बर्फाचे स्वरूप

भूमध्य सागराच्या परिसरातून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे काश्मीरमध्ये हिवाळी हिमवर्षाव होतो. ढगातील तापमान शून्याच्या बरेच खाली असताना फांद्याफांद्यांचे तारकाकृती हिमकण तयार होतात. ते एकमेकांवर सैल रचले जात असल्याने त्यांच्यामध्ये भरपूर हवा राहते व बर्फ हलका होतो. असा बर्फ मुठीत दाबला तरी त्याचा गोळा सहज होत नाही. त्यावर स्की रुतू नये म्हणून नेहमीपेक्षा रुंद पट्ट्यांच्या स्की वापरतात.

स्थानिक परंपरेनुसार २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, पुढील वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि त्यानंतरचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’ म्हणून ओळखले जातात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ भुसभुशीत बर्फासाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. मार्चमध्ये उन्हाने बर्फ ओलसर व जड होत जातो.

## गोंडोला व उतार

गुलमर्ग गोंडोला हा दोन टप्प्यांचा रज्जुमार्ग आहे. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी असा आहे. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो. कोंगडोरीहून एक खुर्ची-रज्जुमार्गही आहे.

युरोपातील स्कीकेंद्रांप्रमाणे येथील वरच्या उतारांवर यंत्राने सपाट केलेल्या मार्गांचे जाळे नाही. दुसऱ्या टप्प्यावरून उतरणारा स्कीपटू बहुतांशी नैसर्गिक, तीव्र उतारावर असतो. त्यामुळे हा भाग अनुभवी स्कीपटूंसाठीच योग्य आहे. नवशिक्यांसाठी गुलमर्गच्या कुरणावरील गोल्फ मैदानालगतचे सौम्य उतार वापरले जातात. स्की, बूट व प्रशिक्षक तेथे भाड्याने मिळतात.

## हिमस्खलन व सुरक्षितता

हलका बर्फ स्कीइंगसाठी उत्तम असला, तरी जुन्या थरावर तो घट्ट बसण्यापूर्वी तीव्र उतारावरून घसरण्याचा धोका असतो. मोठ्या हिमवर्षावानंतरचे व जोरदार वाऱ्यानंतरचे पहिले काही दिवस विशेष धोक्याचे असतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग भागात लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमकडा कोसळून १७ जवानांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडला.

गोंडोलालगतचा मुख्य उतार स्की गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो. त्याबाहेरील उतारांची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची असते. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाकडे संदेशक यंत्र, फावडे व शोधकाठी असणे आणि ती वापरण्याचा सराव असणे आवश्यक मानले जाते. बर्फाखाली गाडलेली व्यक्ती जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे बाहेरची मदत येण्यापूर्वी सोबत्यांनीच सुटका करावी लागते.

## कौटुंबिक सहलीचे नियोजन

काळ : महाराष्ट्रातील कुटुंबे बहुधा नाताळच्या सुट्टीत येतात, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. मात्र डिसेंबरअखेरीस वरच्या उतारांवर पुरेसा बर्फ साचलेला असेलच असे नाही. लहान मुलांना बर्फात खेळण्यासाठी व स्कीचे पहिले धडे घेण्यासाठी कुरणावरील बर्फ पुरतो.

प्रवास : मुंबईहून श्रीनगरला थेट विमानसेवा आहे. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. तंगमर्गच्या पुढील घाटात हिमवर्षावाच्या काळात चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना गती असलेली वाहनेच सोडली जातात. बर्फ व धुके यांमुळे विमाने रद्द होत असल्याने परतीच्या आधी एखादा दिवस मोकळा ठेवणे हितावह असते.

आरक्षण : गोंडोलाची तिकिटे जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावरून आगाऊ घ्यावी लागतात. वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असल्यास दुसरा टप्पा बंद ठेवला जातो. एकाच दिवसाच्या मुक्कामात तो पाहता येईल याची खात्री नसते.

आरोग्य व कपडे : ३,९५० मीटरवर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ व धाप लागणे असे त्रास होऊ शकतात. लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकार वा दमा असलेल्या व्यक्तींनी वरच्या टप्प्यावर जाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट असते. सुती कपडे घामाने ओले होऊन अंग गारठते. त्याऐवजी लोकरीचे वा कृत्रिम धाग्याचे थर, जलरोधक बाह्यवस्त्र, हातमोजे आणि अतिनील किरणे रोखणारा चष्मा वापरतात. तंगमर्ग व गुलमर्ग येथे गमबूट व कोट भाड्याने मिळतात.

## हवामानबदलाचा परिणाम

जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची कुरणे जवळजवळ बर्फाविना होती. २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्यावा लागला. बर्फ न पडल्यास हॉटेलचालकांबरोबरच प्रशिक्षक, स्लेज ओढणारे व घोडेवाले यांचे हंगामी उत्पन्नही बुडते. काश्मीर खोऱ्यातील शेती व पाणीपुरवठाही डोंगरावर साचलेल्या याच बर्फावर अवलंबून आहे.