जुनी इंग्लिश घड्याळे आणि त्यांचे संग्राहक

अहोरात्राच्या साठ घटिका मोजणारे घटिकापात्र आपल्या लग्नकार्यांमुळे आपणास परिचयाचे आहे. यंत्रावर चालणाऱ्या घड्याळाचा इतिहास मात्र युरोपात घडला आणि त्यातील एक वैभवशाली प्रकरण लंडनच्या कारागिरांचे आहे.

इ. स. १६५६ मध्ये हॉलंडमधील शास्त्रज्ञ हायगेन्स याने घड्याळास लंबक जोडला. दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, लंडनच्या फ्रोमँटील घराण्याने अशा घड्याळांची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. पूर्वी दिवसाकाठी सुमारे पाव तास चुकणारे घड्याळ लंबकामुळे विश्वासाचे झाले. पुढे सुमारे ३९ इंचांचा, सेकंदास एक झोका घेणारा लंबक प्रचारात आला आणि उंच लाकडी पेटीतील घड्याळ इंग्लिश घरांची शोभा बनले. या काळाचा मुकुटमणी टॉमस टॉम्पियन (१६३९–१७१३) होय. आपल्या घड्याळांवर तो अनुक्रमांक कोरीत असे. तो व त्याचा सहकारी जॉर्ज ग्रॅहॅम या दोघांना वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एकाच थडग्यात चिरविश्रांती मिळाली. कारागिरांचा असा गौरव विरळाच!

परंतु घड्याळ ही रोजच्या वापरातील वस्तू. लंबक येताच लोकांनी आपली जुनी, मागेपुढे हेलकावणाऱ्या चक्रावर चालणारी पितळी घड्याळे फोडून त्यांत लंबक बसविले. एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत घालून विकण्याचाही प्रघात पडला. म्हणून जाणता संग्राहक तबकडीच्या झळाळीवर भाळत नाही. आतील पत्र्यावरची रिकामी भोके तो न्याहाळतो, कारण पूर्वी तेथे काय बसविलेले होते याची तीच साक्ष असते. नवा मुलामा देऊन ती साक्ष पुसणे म्हणजे इतिहासच पुसणे होय.

अशी दृष्टी असलेला विसाव्या शतकातील थोर संग्राहक म्हणजे कोर्टनी एड्रियन इल्बर्ट. हा पेशाने स्थापत्य अभियंता. दिखाऊपणापेक्षा यंत्ररचनेच्या विकासाचे टप्पे दाखविणारी घड्याळे त्याने आयुष्यभर जमविली. १९५६ मध्ये तो निवर्तला आणि १९५८ मध्ये सारा संग्रह लिलावात निघण्याची वेळ आली. एकेक घड्याळ वेगळ्या हाती गेले असते, तर त्यांची परस्परसंगती कायमची तुटली असती. गिल्बर्ट एडगर या गृहस्थाने ५०,००० पौंडांची देणगी दिली, तेव्हा मोठी घड्याळे ब्रिटिश म्युझियमला मिळाली. मागोमाग इतरांच्या साहाय्याने खिशातील घड्याळेही तेथेच आली.

आपल्याकडेही असाच योग हैदराबादेत आला. तिसरे सालारजंग १९४९ मध्ये अविवाहित वारले. त्यांच्या अफाट संग्रहाचे वस्तुसंग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी खुले झाले आणि १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा लाभला. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी यांनी जुळविलेले तेथील संगीत घड्याळ पाहण्यास आजही गर्दी लोटते. तासाच्या ठोक्याला एक चिमुकला पुतळा बाहेर येतो आणि घंटा वाजवितो.

या दोन उदाहरणांवरून आम्हास एवढेच म्हणावयाचे आहे की, वस्तू जमविणे हे संग्राहकाचे निम्मे कार्य होय. त्याच्या पश्चात ती एकत्र राहावी, मूळ रूपात राहावी आणि सर्वांस पाहावयास मिळावी, ही तजवीज झाली तरच ते कार्य तडीस जाते. इल्बर्टच्या संग्रहाची तजवीज ऐनवेळी झाली. प्रत्येक संग्रहास असा एडगर भेटतोच असे नाही.