रेडिओच्या खरखरीपासून थंबस्टिकच्या ड्रिफ्टपर्यंत

कंट्रोलर गादीवर पडलेला असतो, त्याला कुणाचा हात लागलेला नसतो, तरी पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालत सुटतो. वसई, नालासोपारा, विरार, जिथे घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे तिथल्या मुलांना हा ‘ड्रिफ्ट’ ठाऊक आहे. मोठ्यांना वाटतं, हे नव्या जमान्याचं काहीतरी नवं दुखणं. पण ज्यांच्या घरी एकेकाळी रेडिओ होता, त्यांनी हेच दुखणं कानांनी ऐकलेलं आहे. आवाज वाढवायला बटण फिरवलं की स्पीकरमधून उठायची ती खरखर आणि आजचा ड्रिफ्ट एकाच कुळातले. आणि कूळ कळलं, की दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळतं.

या कुळाचा मूळपुरुष पोटेन्शिओमीटर. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योहान क्रिस्टियान पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. एका सारख्या जाडीच्या तारेतून वीज वाहू द्यायची आणि तारेवर मध्येच कुठेतरी दुसरा संपर्क टेकवायचा. संपर्क जिथे टेकेल, तिथल्या लांबीच्या प्रमाणात विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज मिळतं. हे यंत्र आपल्याला परकं नाही. बारावी विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला लाकडी फळीवर ताणलेल्या तारा, त्यावर टेकवायची ‘जॉकी’ आणि गॅल्व्हानोमीटरचा हलणारा काटा पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी पाहिला आहे. त्या प्रयोगातली पहिली सूचना अशी, की जॉकी तारेवर घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची. घासली तर तार जागोजागी झिजते, जाडी सारखी राहत नाही आणि मोजमाप चुकतं. या यंत्राच्या पुढच्या पिढ्यांनी नेमकं तेच केलं, त्यांचं सगळं कामच घासण्यावर उभं राहिलं.

कारण रेडिओला आवाज हळूहळू कमी-जास्त करायचा होता. फळीवरची लांब तार गेली आणि तिच्या जागी घोड्याच्या नालेच्या आकाराचा कार्बनचा पट्टा आला. त्या पट्ट्यावरून फिरणारी धातूची बारीक जीभ आली. पट्ट्याची दोन टोकं म्हणजे दोन पाय, जिभेचा तिसरा. मेकॅनिकच्या तोंडी त्याचं नाव ‘पॉट’, आणि रेडिओतला असेल तर नुसतं ‘व्हॉल्यूम’. मुंबईचं आकाशवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं. पुढे मर्फीचा कारखाना ठाण्यात आला, आणि तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. त्या काळातल्या बहुतेक सेटमध्ये हा कार्बनचा पट्टा होता. वर्षानुवर्षं फिरून कार्बन झिजायचा, त्याचा भुगा जिभेखाली अडकायचा, खाडीकडच्या दमट हवेत धूळ चिकटायची, धातू काळवंडायचा. संपर्क तुटत-जुळत राहिला की तीच खरखर. मेकॅनिक पॉटमध्ये क्लीनरचे दोन थेंब सोडायचा, बटण इकडून तिकडे भराभर फिरवायचा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागायचं. पट्टाच संपलेला असेल तर सोल्डर काढून नवा पॉट लावायचा. कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायच्या काडीची, म्हणजे थंबस्टिकचीही दुरुस्ती आज याच दोन पायऱ्यांनी होते.

रेडिओचा हा पॉट खेळण्यात कुणी आणला, हे पाहिलं तर या कुळातला सगळ्यात सुंदर दुवा सापडतो. घरच्या टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमचे जनक राल्फ बेअर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते. १९२२ मध्ये जर्मनीत जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३८ मध्ये कुटुंबासोबत अमेरिकेत पळून आला. पत्राद्वारे चालणारा रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला आणि न्यूयॉर्कमध्ये रेडिओ दुरुस्तीची दुकानं चालवली. याच बेअर यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स ओडिसी हे पहिलं घरगुती गेम कन्सोल बाजारात आलं. पडद्यावरचा ठिपका वर-खाली आणि आडवा हलवायला त्याच्या कंट्रोलरवर गोल बटणं होती, आणि त्या बटणांखाली पॉट होते. आयुष्यभर ज्या भागाशी हात खेळला, तोच भाग बेअर यांनी मुलांच्या हाती दिला.

त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या ‘पाँग’मध्येही फिरवायचं बटण पॉटचंच होतं. मग मधली बरीच वर्षं कूळ आडवळणाला गेलं. फॅमिकॉमसारख्या कन्सोलच्या कंट्रोलरवर फक्त दाबायची बटणं राहिली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून कॅसेट घालायचे जे व्हिडिओ गेम घरोघर आले, त्यातले पुष्कळ फॅमिकॉमच्याच नकला होते. त्यांचं बटण अडकायचं, वायर तुटायची, पण ड्रिफ्ट कधी झाला नाही, कारण आत घासणारं काही नव्हतंच. या मधल्या काळात अटारीने मात्र १९८२ मध्ये ५२०० या कन्सोलला पॉटवाली जॉयस्टिक दिली. ती सोडल्यावर मधोमध परत येत नसे आणि बिघडण्यासाठीच प्रसिद्ध झाली.

त्रिमितीय खेळ आले तेव्हा मात्र ‘किती’ हे विचारणं भाग पडलं. नुसतं डावीकडे नव्हे, किती डावीकडे. हळू चाल की धाव. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायची एक काडी होती, आत प्रकाशाने मोजणारी चाकं. १९९७ मध्ये सोनीच्या ड्युअलशॉकने अंगठ्यांसाठी दोन स्टिक दिल्या, आणि कंट्रोलरची ही ठेवण आजवर टिकली. त्या स्टिकच्या आत एकमेकांशी काटकोनात दोन चिमुकले पॉट बसतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. मधोमध परत आणायला स्प्रिंग, आणि दाबायला खाली एक स्विच. सोनी, निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्टच्या कंट्रोलरमध्ये दिसणाऱ्या अशा स्टिक बनवणारी जपानची आल्प्स कंपनी १९४८ मध्ये टोकियोत कटाओका इलेक्ट्रिक या नावाने सुरू झाली, तीही रोटरी स्विच आणि रेडिओला लागणारे कॅपॅसिटर बनवत. म्हणजे थंबस्टिकचं मातुल घराणंही रेडिओचंच.

आता दुखणं नेमकं काय ते पाहू. स्टिक मोकळी असताना जीभ पट्ट्याच्या मध्यावर असते आणि मधल्या पायावर निम्मं व्होल्टेज येतं. कंट्रोलर त्याचा आकडा करतो. ड्युअलशॉक ४ मध्ये हा आकडा ० ते २५५ असतो, आणि मोकळ्या स्टिकचा १२८ च्या आसपास. पट्टा मध्याजवळ झिजला, भुगा साचला किंवा स्प्रिंग सैलावली की तोच आकडा १३५, १४० होतो. गेमला वाटतं, अंगठा उजवीकडे रेटतोय. झीज मध्याजवळच जास्त होते, कारण सगळं आयुष्य जीभ तिथूनच ये-जा करते. अमेरिकेतल्या आयफिक्सिट या दुरुस्तीचं साहित्य आणि माहिती देणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये सोनीच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरच्या स्टिकचा हिशेब मांडला होता. भागाचं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं धरलं, तर ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारख्या खेळात ते सुमारे ४१७ तासांत संपू शकतं. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचे ते सात महिने. तेव्हा घरात “तूच आपटलास, तूच जोरात दाबतोस” असं पोराला बोलण्याआधी हा आकडा आठवावा. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, घासणाऱ्या भागाचा असतो.

याच कुळात न घासणारी एक शाखाही आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल यांना दिसलं, की सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज जात असताना चुंबक जवळ आणला तर पत्र्याच्या आडव्या दिशेला सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. स्टिकला चुंबक जोडला आणि खाली असा सेन्सर ठेवला, तर कशाला न शिवता जागा मोजता येते. सेगाने १९९६ च्या सॅटर्नच्या थ्रीडी पॅडमध्ये आणि १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हेच केलं होतं. सेगा कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडली आणि ही शाखा झाकोळली. निन्टेंडोच्या २०१७ च्या ‘स्विच’ कन्सोलचे जॉय-कॉन कंट्रोलर ड्रिफ्टमुळे जगभर गाजले, २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांची माफी मागितली, मग कुठे लोकांना चुंबकाची आठवण झाली. आता हॉल सेन्सरच्या सुट्या स्टिक मिळतात, आणि त्याहून संवेदनशील टीएमआर (टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स) प्रकारच्याही. टीएमआरचा परिणाम खोलीच्या तापमानाला ठसठशीत दिसेल असं १९९५ मध्ये ज्या दोन गटांनी दाखवलं, त्यातल्या एकाचं नेतृत्व एमआयटीतले जगदीश मूडेरा करत होते. त्यांची पीएचडी आयआयटी मद्रासची.

वसई-विरारच्या माणसाला या दुरुस्तीचं सामान मिळवणं अवघड नाही, कारण ते त्याच्याच रेल्वेमार्गावर आहे. विरार फास्टने मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोड गाठायचा. या रस्त्याला नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं, आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओच्या सुट्या भागांसाठी जिथे मेकॅनिक जात, तिथेच आज स्टिक, फ्लक्स, सोल्डर, डिसोल्डर वायर, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल सगळं मिळतं. मूळ कंपनीचा नवा कंट्रोलर हजारोंच्या घरात जातो, सुटी स्टिक शेकड्यांत येते.

आधी तपासणी. कंट्रोलर संगणकाला जोडून आकडे पाहावेत. आकडा जरासाच सरकत असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’, म्हणजे मध्याभोवतीची ज्यातली हालचाल गेम मोजत नाही ती जागा, वाढवून काम भागतं, पण तो दुखणं झाकतो, बरं करत नाही. पुढे उघडायचं ठरलं, तर पहिल्यांदा बॅटरीचा जोड काढावा आणि रिबन केबल ओढू नये. पॉटच्या बाजूचं झाकण हलक्या हाताने उचलून कापसाच्या काडीवर आयपीए घ्यावं आणि पट्टा पुसावा. रगडू नये, कार्बन निघून येतो. याने आठवडे, कधी महिने मिळतात. पट्ट्यावर फिकट चरा दिसत असेल तर साफसफाईचा काळ संपला, स्टिक बदलायची.

खरं कौशल्य बदलण्यात आहे. एका स्टिकचे सोल्डर केलेले पाय १४. दोन पॉटचे तीन-तीन, स्विचचे चार, सांगाड्याचे चार. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्यावर आधी थोडं शिसेवालं, १८३ अंशांना वितळणारं सोल्डर मिसळावं आणि फ्लक्स लावावा, म्हणजे सांधा सहज सुटतो. शक्यतो जुनी स्टिक कापून पाय एकेक काढावेत. सगळे एकदम उपटायला गेलं तर बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते, आणि मग शंभराच्या भागासाठी हजारांचा बोर्ड जातो. धूर जाईल अशी खिडकी उघडी असावी, काम झाल्यावर हात धुवावेत. नवी स्टिक लावल्यावर मधला बिंदू जुळवावा लागतो. काही कंट्रोलर स्वतःच जुळवून घेतात, काहींना कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर लागतं. पहिला प्रयोग चालू कंट्रोलरवर करू नये, भंगारातल्या बोर्डावर हात बसवावा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्याची क्षेत्रं. गेमच्या कंट्रोलरला तिथे वेगळी जागा नाही, पण प्रश्न तोच आहे. झिजणारा भाग सोल्डर न करता बदलता आला पाहिजे, त्याचे सुटे भाग अधिकृत मिळाले पाहिजेत. रेडिओच्या काळात पॉट झिजतो हे बनवणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा या तिघांनाही मान्य होतं, म्हणून सेट उघडता येत होता. कंट्रोलर बनवणाऱ्यांकडूनही ग्राहकाने तेवढंच मागावं. आणि ते मिळेपर्यंत आपल्या मुलांना सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवावं. ज्या माणसाने त्यांचा हा खेळ घरात आणला, त्याच्या हाताची सुरुवातही तिथूनच झाली होती.