आज्ञापत्रातलं झाड आणि आजचं हवामान

जंगल आणि लाकूड यांचा विचार कोल्हापुरात करायचा म्हटलं, तर आज्ञापत्रापासूनच सुरुवात करावी लागते. रामचंद्रपंत अमात्यांनी हा ग्रंथ १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांसाठी लिहिला. त्यातला झाडांविषयीचा मजकूर हल्ली 'शिवरायांचं पत्र' म्हणून फिरतो. वारसा महाराजांच्या राजनीतीचा आहे हे खरं. पण लेखणी अमात्यांची, आणि प्रकरण आरमाराचं.

प्रश्न व्यवहाराचा होता. जहाजांना फळ्या, सोट, डोलकाठ्या हव्यात. अमात्य सांगतात, सरकारी रानातला सागवान परवानगीनं तोडा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणा. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड हवंच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्या. म्हणजे बघा, इथं लाकूड घनफुटांत नव्हे, काळात मोजलंय.

पुढे इंग्रजी अंमल आला. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. लाकूड टिकलं, पण रानं विरळ होत गेली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी दक्षिण कोकणाबद्दल बजावलं होतं, की जंगल गेलं तसे झरेही आटले. अमात्यांचा मुद्दा काळाचा, गिब्सनचा पाण्याचा.

आता तिसरा मुद्दा, हवामानाचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात हिवाळे उबदार झाले, पाईन पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या थंडीनं मरेनाशा झाल्या. वणवे विझवत राहिल्यामुळे एकाच जातीची म्हातारी झाडं दाटून होतीच. मेलेलं लाकूड सडण्याआधी काढायचं म्हणून तोड वाढवली. काही वर्षं बाजारात माल मुबलक आला, मग तुटवडा पडून गिरण्या बंद झाल्या. उत्पादन वाढणं म्हणजे जंगल सुधारणं नव्हे, हा त्यातला धडा.

आपल्याकडे सागाची लागवड तोडणीला यायला साधारण ६० ते ८० वर्षं लागतात. आज लावलेलं रोप २०९० च्या पावसात आणि उन्हात उभं असेल. ते हवामान कसं असेल याची हमी नसताना सगळी भिस्त एकाच जातीवर ठेवणं शहाणपणाचं नाही. मिश्र जंगल हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

अमात्य म्हणाले, धन्याला राजी करा. आजच्या रोपाचा धनी अजून जन्मालाच आलेला नाही. त्याची संमती विचारता येत नाही. म्हणून तर आपली जबाबदारी वाढते.