कॉफीच्या गल्ल्यावर चाललेलं फोटोंचं दालन

लग्नाचा फोटो आपण काच लावून भिंतीवर टांगतो. पण फोटो हीसुद्धा चित्रासारखी कला आहे, ती पैसे देऊन घ्यावी, असं सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतही फारसं कुणी मानत नव्हतं.

न्यूयॉर्कच्या हेलन गी मात्र मानत होत्या. त्या लेकीला एकटीने वाढवत होत्या. फोटोंचं टचिंग, म्हणजे बारीक कुंचल्याने फोटोतले डाग आणि रंग दुरुस्त करणं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. स्वतः फोटो काढायलाही त्या शिकल्या होत्या.

१९५४ साली ग्रीनविच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीत त्यांनी ‘लाइमलाइट’ सुरू केलं. नुसत्या फोटोंवर भाडं निघणार नाही, हे त्या ओळखून होत्या. म्हणून कॉफीहाऊस काढलं आणि त्यातच फोटोंचं दालन. कॉफीच्या गल्ल्यातून दालन चालायचं. कॉफीला आलेली माणसं फोटोही बघायची. फोटोग्राफर तिथे बसून गप्पा मारायचे, वाद घालायचे. एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम अशा मोठ्या कलावंतांची प्रदर्शनं तिथे लागली. तरी फोटो क्वचितच विकले जात, तेही थोड्या डॉलरांना.

१९६१ मध्ये लाइमलाइट बंद झालं. फोटोंना खरा बाजार आला तो पुढच्या दशकात. आज त्याच कलावंतांचे फोटो लाखो रुपयांना जातात.

मैत्रिणींनो, आपल्या गटाची पापड-मसाल्याची खोली असतेच. तिची एक भिंत गावातल्या बायकांच्या गोधड्यांना, चित्रांना, फोटोंना देता येईल का? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.