तिसरे घर

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठीत एकच प्रश्न होता: शेजारच्या घरात बाईला आणि मुलांना मारहाण होते, ती आपल्याला भिंतीपलीकडून ऐकू येते, तर आपण काय करावे? वेळ संपत आली होती. आम्ही कर्तव्य, विवेक असे चार जड शब्द वापरून काहीतरी सांगितले आणि खाली बसलो. घरी जाताना लक्षात आले, की बाईंनी विचारले होते 'काय करावे' आणि आम्ही सांगितले 'कसा विचार करावा'. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला की ही खोड लागते. तेव्हा आजचे व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचे उशिरा दिलेले उत्तर समजा. मात्र उत्तरापर्यंत जायला आम्हाला थोडे मागे, १८६३ पर्यंत जावे लागेल.

मराठीत बाईला दोन घरे असतात, माहेर आणि सासर. दोन्हीकडे जागा नसेल तर? त्या तिसऱ्या घराला आपल्या भाषेत शब्दच नाही. शब्द आहेत ते त्या बाईला: टाकलेली, माहेरी येऊन बसलेली, पळून गेलेली. स्त्रिया आणि मुलांच्या संरक्षणाचा इतिहास सांगताना बहुधा कायद्यांची यादी सांगितली जाते. अमुक साली अमुक कायदा झाला, की झाले. पण कायदा विचारतो, 'गुन्हा काय घडला?' आणि रात्री दार उघडून बाहेर पडलेली बाई विचारते, 'मी जाऊ कुठे?' आम्हाला वाटते, हा दुसरा प्रश्न धरून चालले तर हाच इतिहास वेगळा दिसतो.

पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे मित्र. त्यांच्याकडे स्वयंपाकाला काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा होती. तिला दिवस गेले. मूल झाल्यावर तिने ते मारून विहिरीत टाकले, आणि तिला जन्मभर अंदमानाची शिक्षा झाली. पुरुषाचे काय झाले, तर काही झाले नाही. कायद्याच्या दृष्टीने खटला तिथे संपला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या दृष्टीने तिथे काम सुरू झाले. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तशा जाहिराती भिंतींवर लावल्या. विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असा त्यांचा आशय. कोण, कुठली, कोणाचे मूल, हे विचारायचे नाही. बघा, यात उपदेशाचा एक शब्द नाही. पत्ता आहे.

१८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या घराचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे आल्या, आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जगली. बाकीची का गेली? येण्याआधी त्या बायकांनी गर्भ पाडायला घेतलेल्या विषारी औषधांमुळे, असे जोतीराव लिहितात. आम्ही हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्हाला तो अपयशाचा वाटला होता. आता वाटत नाही. दार किती उशिरा सापडत होते, त्याचा तो आकडा आहे. याच घरात आलेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई ज्या दवाखान्यात रोगी आणत होत्या, तो याच मुलाचा. तिथेच त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या.

अंदमानाची शिक्षा देणारे न्यायालय आणि दार उघडे ठेवणारे घर, ही जोडी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटते.

१८८४ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी यांनी दावा लावला, की आपली पत्नी रखमाबाई हिने नांदायला यावे. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्यानंतर ती आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढली, शिकली. नवऱ्याकडे जायला तिने साफ नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाते. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती इंग्लंडला गेली, डॉक्टर झाली, आणि सुरत, राजकोट येथे तिने आयुष्यभर काम केले.

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली गंमतीची. 'केसरी'सकट सनातनी पक्ष म्हणत होता की ही मुलगी नांदायला गेली नाही तर हिंदू धर्म बुडेल. पण ज्या कायद्याने तिला बोलावले जात होते, तो मुळी धर्मशास्त्रातला नव्हता. इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून तो आपल्याकडे आला, आणि तिकडे तर १८८४ मध्येच अशा आदेशाखाली तुरुंगात टाकणे बंद झाले होते. म्हणजे साहेबाने टाकून दिलेला कोट आपण सोवळे म्हणून नेसत होतो. (हशा.) हसू नका, हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे. तुरुंग तेवढा गेला.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. रखमाबाई नाही म्हणू शकली, ती धीट होती म्हणून. हे खरेच. पण तिच्या आईने पुनर्विवाहाआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली होती, आणि घरी दार तिच्यासाठी उघडे होते, हेही तितकेच खरे. आम्ही वर्गात संमती ही संकल्पना शिकवायचो. संमती म्हणजे स्वतंत्र इच्छेने दिलेला होकार, वगैरे. पण जिला 'नाही' म्हटल्यावर त्या रात्री झोपायला जागा नाही, तिच्या 'हो'ला संमती म्हणायचे का? याचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही, रखमाबाईच्या खटल्यात मिळाले.

संमतिवयाचा वाद आम्ही इथे फार लांबवत नाही. १८६० च्या दंडसंहितेत वय दहा होते. कलकत्त्याच्या फुलमणी दासी या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीने मृत्यू झाला. तिचे वय दहाच्या वर ठरले, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसेना. त्याला वर्षाची शिक्षा झाली ती निष्काळजी कृत्याबद्दल. त्यानंतर १८९१ मध्ये वय बारा झाले. पत्नीच्या बाबतीत ते अठरापर्यंत यायला ऑक्टोबर २०१७ उजाडावा लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. एकशे सव्वीस वर्षे!

पुन्हा घराकडे येऊ. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. धर्मांतरावरून वादळ झाले, १८९३ मध्ये अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तो वाद आजही पेटतो, पण आज आम्हाला सांगायचे आहे ते १८९६-९७ च्या दुष्काळाचे. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते, त्यामुळे काय दिसेल याची त्यांना कल्पना असणार. दुष्काळी छावण्यांच्या आसपास अन्नाचे आमिष दाखवून मुली गोळा करणारी माणसे फिरत होती. आज आपण ज्याला मानवी तस्करी म्हणतो, ती हीच. तिला काळोखी गल्ली लागत नाही, भूक लागते. रमाबाईंनी त्या माणसांच्या आधी मुलींपर्यंत पोहोचायचे ठरवले. शेकडो मुली केडगावला आल्या. पुण्यात इतक्या जणींना जागा नव्हती, म्हणून केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. त्याच १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांची पत्नी आनंदीबाई ही शारदा सदनाचीच विद्यार्थिनी. एका घराने दुसरे घर उभे केले ते असे.

आणि जिला असे घर सापडले नाही तिचे काय? १९१७ मध्ये मुंबईच्या डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या बाईचा छळ करून जीव घेतला गेला. तिचा गुन्हा एवढाच, की ती पळाली होती. पकडून परत आणली गेली. खाणे, कपडा, राहणे, सगळे तिच्या नावावर कर्ज म्हणून मांडायचे आणि ते कधी फिटू द्यायचे नाही, हा या धंद्याचा हिशेब. मारेकऱ्यांना शिक्षा झाली, पोलीस खाते हादरले, आणि १९२३ मध्ये मुंबई प्रांताने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा केला. त्याचा रोख दलालांवर होता. चांगली गोष्ट. पण आकूताई पळून जाणार होती कुठे, हा प्रश्न त्यातही नव्हता.

स्वतंत्र भारताने संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदात माणसांच्या व्यापाराला बंदी केली आणि १९५६ च्या कायद्यात घराचीही सोय केली: संरक्षणगृह. सुटका झालेल्या स्त्रीला तिथे ठेवायचे. पण किती दिवस? दंडाधिकारी ठरवतील, वर्षापासून तीन वर्षांपर्यंत. तिला विचारून? तसे बंधन नाही. म्हणजे घर मिळाले, पण कडी बाहेरून. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली सोडवल्या गेल्या. त्यांत बऱ्याच नेपाळच्या होत्या. वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले. मग त्या महिनोन्महिने शासकीय गृहांत अडकून पडल्या. स्वतःच्या देशातही त्यांना लगेच कोणी घेईना. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढे येऊन त्यांना नेले. त्यांतल्या काही जणींनी काठमांडूत 'शक्ती समूह' नावाची संस्था उभारली. सुटलेल्यांनी सुटलेल्यांसाठी चालवलेली. त्यांनी निवारागृहे काढली, आणि २०१३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्ही त्यांच्याविषयी वाचले तेव्हा आम्हाला थेट फुल्यांच्या घरातल्या यशवंताची आठवण झाली.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती आम्ही आजवर कुठे बोललो नाही. १९८१ ची असेल. आम्ही वाड्यात राहत होतो, नोकरीत नवे होतो. एका रात्री समोरच्या बिऱ्हाडातली बाई दोन मुलांना घेऊन आमच्या दारात आली. पायात चप्पल नव्हती. धाकट्याच्या कानातून रक्त येत होते. आमच्या पत्नीने तिघांना आत घेतले, दूध दिले, अंथरूण घातले. सकाळी वाड्यातले वडीलधारे जमले. आम्हीही होतो, शिकलेले म्हणून आम्हाला खास बोलावले होते. नवरा आला, हात जोडले, पुन्हा असे होणार नाही म्हणाला. चहा झाला. घरातली गोष्ट घरात राहिली याचे सगळ्यांना समाधान. निघताना ती बाई आमच्या पत्नीला हळूच म्हणाली, "वहिनी, दुसरीकडे कुठं जाता येतं का हो?" पत्नीने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले. त्या दिवशी आम्ही कॉलेजात कांट शिकवला. काही महिन्यांनी त्यांनी बिऱ्हाड बदलले.

त्या वेळी दंडसंहितेतले ४९८ अ कलम यायचे होते. ते १९८३ च्या अखेरीस आले. मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आतच समाजकार्यकर्त्यांनी बसून बाईचे म्हणणे ऐकायचे, हा टाटा समाजविज्ञान संस्थेचा विशेष कक्ष १९८४ चा. म्हणजे आम्ही अज्ञानी होतो असे म्हणता येईल. पण फुल्यांच्या वेळी तरी कोणते कलम होते?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने जे केले, ते आधीच्या कोणत्याच कायद्याने केले नव्हते. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे, की स्त्री ज्या घरात नांदते, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. म्हणजे पहिल्यांदाच कायद्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले: कुठेही जाऊ नकोस, इथेच राहा, मारणाऱ्याला आवरण्याचे काम आमचे. लगेच त्याला पाय फुटले. २००६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या मालकीचे असेल तर हा हक्क नाही. आपल्याकडे किती सुनांच्या नवऱ्यांच्या नावावर घरे असतात, ते तुम्हीच मोजा. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो अर्थ चुकीचा ठरवला. या चौदा वर्षांत किती जणी बाहेर पडल्या असतील, ते मात्र कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते.

आता चिठ्ठीचे उत्तर. त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते, की अशी हिंसा घडते आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला सकारण वाटते, अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. नातेवाईक असण्याची गरज नाही. आणि प्रामाणिकपणे माहिती दिली असेल, तर देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे गेला, की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत लागावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ती लागतेच असे नाही, पण विचारता येते. बाईसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे फोन आहेत.

चिठ्ठी पाठवणाऱ्या बाई आज आल्या असतील, तर त्यांनी खाली थांबावे. आपल्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय कुठे आहे, कोणत्या मजल्यावर आहे, ते आम्ही काल जाऊन पाहिले आणि कागदावर लिहून आणले आहे.