शाफ्टचे बुश : लाकडापासून रबरापर्यंत

पंख्याने चालणाऱ्या जहाजाच्या पिछाडीला, पाण्याच्या पातळीखाली, एक भोक ठेवावेच लागते. इंजिनाचा शाफ्ट त्यातून बाहेर पडतो आणि बाहेरच्या टोकाला पंखा बसवतात. या भोकामुळे दोन अडचणी येतात. पाणी आत येऊ न देता शाफ्ट फिरत ठेवायचा, ही पहिली. चरबी चोपडलेल्या दोराचे वेढे शाफ्टभोवती आवळून तिच्यावर लवकरच तोड काढण्यात आली, आणि ग्लँड पॅकिंग या रूपात ती आजही वापरात आहे. दुसरी अडचण जास्त चिवट होती. पंख्याचे वजन ज्या बेअरिंगवर टेकते ते कायम समुद्राच्या पाण्यात बुडालेले असते. प्रवासात तिथे कोणाचा हात पोहोचत नाही आणि घातलेले तेल टिकत नाही.

आगबोटी बाजूच्या चाकांवर चालत होत्या तोवर हा प्रश्न नव्हता. चाकांचा आडवा दांडा पाण्याच्या वर असे, त्याची बेअरिंगे डोळ्यांसमोर असत आणि तेलाची कुपी घेतलेला माणूस तिथवर सहज जाऊ शके. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी मळसूत्री पंख्याची पेटंटे स्वतंत्रपणे घेतली. स्मिथच्या पंख्यावर चालणारी ‘आर्किमिडीज’ १८३८ मध्ये पाण्यात उतरली. १८४५ मध्ये ब्रुनेल या अभियंत्याच्या ‘ग्रेट ब्रिटन’ने पंख्याच्या बळावर अटलांटिक ओलांडला. त्याच वर्षी ब्रिटिश नौदलाने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ पाठीला पाठ लावून एकमेकींना ओढायला लावल्या. ‘रॅटलर’ जिंकली; पण नौदलाचा कौल त्याआधीच पंख्याकडे झुकला होता.

लांबच्या सफरी सुरू झाल्यावर मात्र बेअरिंगांची दैना दिसू लागली. लोखंडी शाफ्ट गंजू नये म्हणून त्यावर पितळी आवरण चढवत आणि ते पितळी बुशमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या नळीत, फिरत असे. धातूवर धातू, मध्ये खारे पाणी आणि वाळूचे कण. बुश झपाट्याने झिजे, शाफ्ट खाली बसे, पंखा थरथरू लागे आणि मागचे पॅकिंग सैल होऊन पाणी आत येई. शाफ्टच्या वाटेने येणारे पाणी किती घातक ठरू शकते, हे १८५५ च्या अखेरीस ‘रॉयल अल्बर्ट’वर दिसले. क्रिमियन युद्धातली ही १२१ तोफांची युद्धनौका पिछाडीतून इतकी गळू लागली की ती वाचवण्यासाठी एजियन समुद्रातल्या एका बेटाच्या उथळ किनाऱ्यावर चढवावी लागली. त्या काळी पंख्याच्या जहाजाची मजल इंजिनाच्या ताकदीइतकीच या एका बुशच्या आयुष्यावर ठरत होती.

उत्तर शोधले लंडनजवळच्या ग्रिनिचमधले इंजिन-कारखानदार जॉन पेन यांनी. पुढे १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या लोखंडी युद्धनौकेचे इंजिन त्यांच्याच कारखान्यातले. ‘रॉयल अल्बर्ट’च्या गळतीआधीच, १८५४ मध्ये, पेन यांनी लाकडी बेअरिंगचे पेटंट घेतले होते. गनमेटलच्या बुशमध्ये आतून उभ्या खाचा पाडायच्या, त्यांत लिग्नम व्हिटे या लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या आणि दोन पट्ट्यांमध्ये पाणी वाहायला जागा सोडायची, एवढीच रचना. शाफ्टचे पितळी आवरण आता लाकडावर फिरू लागले आणि वंगणाचे काम समुद्राच्या पाण्याने उचलले. पाण्याला बेअरिंगपासून दूर ठेवण्याचा हट्ट पेन यांनी सोडला आणि त्यालाच आत बोलावले. सागरी यंत्रविद्येच्या इतिहासात इतका साधा आणि इतका परिणामकारक निर्णय क्वचितच सापडतो. धातूचे बुश जिथे एका सफरीतही दगा देत असे, तिथे लाकडी बुश हजारो मैल फारसे न झिजता चालू लागले.

लिग्नम व्हिटे हे कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत, ग्वायकम प्रजातीतल्या झाडांपासून मिळते. पाण्यात टाकले की बुडते, इतके ते जड असते. त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा राळेचा असतो. ओल्या लाकडावर काही घासले गेले की ही राळ पृष्ठभागावर येते आणि बाहेरून काही न घालता वंगणाचे काम करते. युरोपात हे लाकूड सोळाव्या शतकात आले ते औषध म्हणून. गर्मीच्या रोगावर त्याचा काढा देत. खलाशांना ते कप्प्यांच्या चाकांमुळे परिचयाचे होते. सागरी घड्याळासाठी पुढे नाव कमावलेले जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या लाकडी घड्याळांत याच लाकडाचे भाग घातले आणि तेल न लागणारी घड्याळे बनवली. पेन यांनी हा जुना गुण ओळखून नव्या जागी वापरला.

लाकूड कापायचे कसे, यालाही महत्त्व होते. शाफ्टचे वजन धाग्यांच्या टोकांवर आले तर पट्टी जास्त टिके, म्हणून खालच्या अर्ध्या भागात अशाच पट्ट्या घालण्याची पद्धत पडली. बुशची लांबी शाफ्टच्या व्यासाच्या चौपट ठेवण्याचा दंडकही लाकडी बेअरिंगांमुळेच रूढ झाला. पट्ट्या झिजल्या की जहाज सुक्या गोदीत घ्यायचे, शाफ्ट काढायचा, जुन्या पट्ट्या उपटून नव्या ठोकायच्या आणि शाफ्टच्या मापाने आतून कोरून घ्यायच्या. हे काम जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या गोद्यांमध्ये चालू होते. अमेरिकेत सस्क्वेहाना नदीवरच्या कोनोविंगो जलविद्युत केंद्रातही हे लाकूड बेअरिंगसाठी वापरले गेले, आणि १९५४ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीच्या शाफ्टच्या आधारालाही तेच होते.

रबराचा शिरकाव समुद्रावरून झाला नाही, तो खाणीतून झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कॅलिफोर्नियात चार्ल्स शेरवूड नावाचे खाण-अभियंते होते. खाणीतल्या पंपातून गाळमिश्रित पाणी जाई आणि पंपाची बेअरिंगे सतत खराब होत. दुसरे काही हाताशी नसताना त्यांनी रबरी नळीचा तुकडा बेअरिंगच्या जागी बसवला आणि धातूच्या बेअरिंगांपेक्षा तो कितीतरी जास्त टिकला. पुढे अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीने त्यावरून ‘कटलेस’ नावाचे बेअरिंग बाजारात आणले. पितळी नळीत आतून चिकटवलेले रबर आणि रबरात लांबीभर पन्हळी, असे त्याचे रूप आहे.

रबर टिकते ते मऊपणामुळे. वाळूचा कण धातूच्या बेअरिंगमध्ये शिरला की शाफ्टवर चरा पाडतो. रबर त्या कणाखाली दबते, कण गडगडत पुढच्या पन्हळीत पडतो आणि पाण्याबरोबर बाहेर जातो. शाफ्ट वेगात फिरू लागला की त्याच्याभोवती पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि शाफ्ट रबराला जवळजवळ न टेकता त्या थरावर तरंगतो. पाणी मिळाले नाही तर मात्र रबर लवकर तापते आणि खराब होते.

शिडाच्या बोटींत लहान इंजिने विसाव्या शतकात सर्रास बसू लागली आणि त्यांच्याबरोबर हे रबरी बुशही आले. अशा बोटीत ते स्टर्न ट्यूबच्या, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून बाहेर पडतो तिच्या, टोकाला किंवा तळाखाली लोंबणाऱ्या ब्रॅकेटमध्ये असते. इंजिनाचे तास कमी असले तरी झीज कमी होईलच असे नाही. बोट महिनोन् महिने बंदरात उभी राहिली की पन्हळींत शेवाळ आणि बार्नेकल वाढतात. शिडांवर जाताना पंखा मोकळा फिरू दिला तर इंजिन बंद असूनही बुश झिजत राहते. पंख्याला दोर गुंतून वाकलेला शाफ्ट ते त्याहून लवकर संपवतो. तपासण्याची रीत जुनीच आहे : बोट वर काढायची, पंख्याजवळ शाफ्ट धरून वरखाली हलवायचा. पाणी शिरण्यापुरती थोडी फट नव्या बुशमध्येही असते. शाफ्ट खडखडू लागला तर बुश बदलायची वेळ झाली. झीज एकाच बाजूला दिसली तर दोष बहुधा इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसण्याचा असतो. तो तसाच ठेवून घातलेले नवे बुशही लवकर जाते.

बदलण्याच्या कामात खरा वेळ जुने बुश काढण्यात जातो. आधी पंखा उतरवतात, मग शाफ्ट इंजिनाच्या कपलिंगपासून सोडवून मागे ओढतात; सुकाणू आडवे येत असेल तर तेही काढावे लागते. ब्रॅकेटमधले ग्रब स्क्रू पूर्ण बाहेर घेतल्याशिवाय बुशवर जोर लावायचा नाही. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर हॅक्सॉ ब्लेड बुशच्या आतून घालून पितळी नळी लांबीभर कापतात, म्हणजे ती आत दुमडून सुटते. ब्लेड पितळ संपले की थांबले पाहिजे. पुढचा घाव ब्रॅकेटवर किंवा ट्यूबवर पडतो आणि तो कायमचा राहतो. नवे बुश गार करून, साबणाच्या पाण्याने भिजवून दाबत बसवतात. हातोड्याने ठोकलेली नळी आतून आक्रसते आणि शाफ्ट आवळते. शाफ्टवर खोल चरे पडले असतील तर नुसते बुश बदलून भागत नाही. कपलिंगची रेषा शेवटी बोट पाण्यात उतरल्यावरच पाहतात, कारण जमिनीवर टेकू दिलेल्या बोटीचा आकार तरंगताना किंचित बदलतो. कपलिंगच्या चार इंची फ्लँजमधल्या फटीत सुमारे ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. १९७० च्या दशकात इंजिनापासून थेट तळाखाली उतरणारे सेल-ड्राइव्ह आल्यावर अनेक नव्या बोटींत लांब शाफ्टच उरला नाही, आणि त्याबरोबर हे बुशही गेले. जुन्या बोटींत ते कायम आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे काम पावसाळ्याशी जोडलेले आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक मासेमारी थांबते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि पंखा, शाफ्ट, बुश यांची डागडुजी उरकून घेतली जाते.

मोठ्या जहाजांनी दरम्यान वेगळी वाट धरली होती. अवाढव्य तेलवाहू जहाजांच्या पंख्यांचे वजन लाकडाला पेलेना. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दोन्ही टोकांना सील बसवून आत तेल भरलेल्या, व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगांचा प्रघात पडला. ती टिकाऊ ठरली, पण सीलमधून तेल समुद्रात झिरपत राहिले. डिसेंबर २०१३ पासून अमेरिकेने आपल्या हद्दीत येणाऱ्या मोठ्या जहाजांना अशा जागी, शक्य तिथे, पर्यावरणाला कमी घातक वंगणच वापरण्याची अट घातली. त्यानंतर कृत्रिम बहुवारिकांची, समुद्राच्या पाण्यावर चालणारी बेअरिंगे मोठ्या जहाजांत पुन्हा जोर धरू लागली. मूळ लाकूड मात्र आता विपुल राहिलेले नाही. २००३ पासून संपूर्ण ग्वायकम प्रजातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. तेलाच्या या वाटेवरून मोठी जहाजे पाण्याकडे परतत आहेत; शिडाच्या लहान बोटींच्या रबरी बुशला मात्र पाण्याखेरीज दुसरे वंगण कधी लागलेच नाही.